दोन मोबाईल समोर ठेवले, तर घ्यावा कोणता?

उसाच्या बिलाचा पहिला हप्ता खात्यावर पडला की घराघरांतून खर्चाचे बेत सुरू होतात. सोसायटीचे कर्ज वळते होते. खत-औषधाची उधारी, मुलांची फी, पावण्यारावळ्यांची देणी भागवून जे चार पैसे हाती राहतात, त्यातून एखादी वस्तू घ्यायची असते. पूर्वी ही वस्तू म्हणजे सायकल, रेडिओ, पुढे मोटारसायकल. अलीकडे त्या यादीत मोबाईल फोन वरच्या नंबरावर आला आहे. गट ऑफिसवर नोंदीसाठी आलेले सभासदही हल्ली ऊस किती वाढला याच्या जोडीने हमखास विचारतात, "दोन फोन बघितल्यात. एकाची बॅटरी दांडगी हाय, दुसरा चांगल्या कंपनीचा हाय म्हणत्यात. कुठला घिऊ?"

प्रश्न साधा दिसतो, पण रक्कम लहान नाही. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के उताऱ्यास टनाला ३,५५० रुपये एफआरपी ठरविली. या हिशेबाने पंधरा हजारांचा फोन म्हणजे सव्वाचार टन ऊस झाला, आणि तोही तोडणी-वाहतूक वजा न करता. इतका ऊस पिकवायला लागणीपासून तोडीपर्यंत बारा ते अठरा महिने पाणी पाजावे लागते. तो पैसा दुकानदाराच्या एका वाक्यावर किंवा शेजाऱ्याच्या हातात दिसला म्हणून खर्चावा, हे आम्हांस बरे वाटत नाही. म्हणून या अंकात या विषयाचा थोडा खोलात जाऊन विचार करीत आहोत.

फोन आता चैनीची वस्तू राहिलेली नाही

काही वडीलधारी मंडळी अजून म्हणतात, "पोरांचा खेळ हाय तो." तसे आता राहिलेले नाही. ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि सातबारावरची पीकनोंद शेतकऱ्याने स्वतः रानात उभे राहून, पिकाचा फोटो काढून करायची झाली. २०१६ साली यूपीआय सुरू झाले आणि बाजारातले देणेघेणे फोनवर आले. पीएम किसानची केवायसी, बँकेचा ओटीपी, हवामानाचा मेघदूत, विजेची सूचना देणारे पुण्याच्या आयआयटीएमचे दामिनी, विहिरीवरचा मोबाईल स्टार्टर ही सगळी कामे त्या एका पेटीत येऊन बसली आहेत. पूर्वी पानावर रोग दिसला की पान पिशवीत घालून शेतकी ऑफिस गाठावे लागे. आता फोटो पाठविला की निदान पहिला सल्ला तरी घरबसल्या मिळतो.

थोडक्यात, फोन म्हणजे आज निम्मे शेतीचे अवजार आणि निम्मी तिजोरी आहे. ही दोन कामे निरनिराळी आहेत. अवजार दणकट असावे लागते आणि तिजोरीचे कुलूप पक्के असावे लागते. निवडीचा सगळा घोळ इथेच होतो. ज्या फोनमध्ये अवजाराचे गुण जास्त, त्यात तिजोरीचे कमी, आणि उलटही.

८६०३२ की २६५?

आपल्या सभासदांना ही अडचण नवी नाही. को ८६०३२ आणि को.एम. ०२६५ यांचा वाद बांधाबांधावर चालतो. १९९६ साली आपल्या राज्यासाठी शिफारस झालेला ८६०३२ साखरेला उजवा. २००७ साली पाडेगावहून आलेला फुले २६५ टनेजला उजवा, क्षारपड रानात तग धरणारा आणि खोडव्याला चांगला, पण उताऱ्यात ८६०३२ च्या मागे. यात चांगला कोणता, असे कुणी विचारले तर जाणता शेतकरी उलट विचारतो, "रान कसलं हाय तुझं?" जमीन पाहिल्याशिवाय तो बेणे सांगत नाही.

फोनलाही हाच न्याय लावावा. फोन चांगला कोणता हा प्रश्नच अपुरा आहे. कोण वापरणार, कुठे वापरणार, कशासाठी वापरणार आणि किती वर्षे वापरणार, ही चार उत्तरे आधी हवीत. त्यातले चौथे उत्तर, म्हणजे किती वर्षे, हे बहुतेक जण विचारातच घेत नाहीत. आमच्या मते खरा कस तिथेच लागतो.

दोन फोन, दोन स्वभाव

बोलणे हवेत राहू नये म्हणून दोन खरेखुरे फोन उदाहरणादाखल घेऊ. दोन्ही २०२४ सालचे, दोन्ही फाईव्ह-जी, आणि दोन्ही सामान्य कुटुंबाच्या आवाक्यातले. पहिला विवो टी३एक्स. हा एप्रिल २०२४ मध्ये आला. दुसरा सॅमसंग गॅलेक्सी ए१६. हा ऑक्टोबर २०२४ मध्ये आला. आठ जीबी रॅम आणि १२८ जीबी साठवणीच्या प्रकाराची सुरुवातीची किंमत पहिल्याची १६,४९९ रुपये, तर दुसऱ्याची १८,९९९ रुपये होती. पुढे या दोन्हींची नवी भावंडे बाजारात आली. २०२५ मध्ये आलेल्या टी४एक्सची बॅटरी ६,५०० एमएएचची झाली आणि ए१७ ने सहा वर्षांच्या अपडेटचे वचन कायम ठेवले. म्हणजे मॉडेल बदलले तरी दोन्ही घराण्यांचा स्वभाव तोच राहिला. कोणत्याही कंपनीची जाहिरात करण्याचा आमचा हेतू नाही. पारखायचे कसे, एवढेच दाखवावयाचे आहे.

बॅटरी. टी३एक्सची बॅटरी ६,००० एमएएच, ए१६ ची ५,०००. म्हणजे पहिल्याची पाण्याची टाकी एक पंचमांश मोठी. शिवाय पहिला ४४ वॅटने भरतो आणि त्याचा चार्जर डब्यातच मिळतो. दुसरा २५ वॅटने भरतो आणि चार्जर वेगळा विकत घ्यावा लागतो. गावात राहणाऱ्याला हा फरक फारसा जाणवणार नाही. परंतु वस्तीवर राहणाऱ्या सभासदाचा विचार करा. शेतीची लाईट रात्रीची असली की गडी रात्रभर पाण्यावर. फोनची बॅटरी लावून दारे मोडायची, स्टार्टरला रिंग द्यायची, घरच्यांना खुशाली कळवायची. पहाटे तीनला फोन मेला तर मोटर चालू आहे की बंद हे कळायला पुन्हा विहिरीपर्यंत चालत जावे लागते, तेही सापकिरड्यांच्या वेळेला. त्याच्या दृष्टीने मोठी बॅटरी ही हौस नाही, गरज आहे.

धूळ आणि पाणी. फोनच्या माहितीत 'आयपी' असा शेरा आणि पुढे दोन आकडे असतात. पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. टी३एक्सला ६४ आहे, ए१६ ला ५४. धुळीसाठी ६ हा वरचा आकडा, म्हणजे धूळ आत जाणार नाही. ५ म्हणजे थोडी जाईल पण काम अडणार नाही. पाण्याचा ४ मात्र दोघांचाही सारखाच, आणि त्याचा अर्थ फक्त शिंतोड्यांपासून बचाव. फवारणीच्या वेळी चार थेंब उडाले किंवा भुरभुर पाऊस लागला तर निभेल. पाटात पडला तर दोन्हीही निभणार नाहीत. पाण्यात बुडून टिकण्यासाठी दुसरा आकडा ७ किंवा ८ लागतो. आणि पाण्याने झालेली खराबी कंपन्या बहुधा वॉरंटीत धरीत नाहीत, हे ध्यानात असावे.

कॅमेरा. दुकानात सर्वांत जास्त बोलणे कॅमेऱ्यावर होते. दोन्ही फोनांचा मुख्य कॅमेरा ५० मेगापिक्सेलचा आहे. तांबेरा, लोकरी मावा, हुमणीने वाळलेले बेट यांचे दिवसाउजेडी फोटो दोन्हींत सल्ला देता येईल इतके स्पष्ट येतात. ए१६ मध्ये रुंद दृश्य टिपणारा एक जादा कॅमेरा आहे, टी३एक्समध्ये नाही. लग्नकार्यात सगळे घर एका चौकटीत घ्यायचे तर त्याचा उपयोग. मात्र मागच्या बाजूला किती गोल दिसतात यावर भुलू नये. दोन मेगापिक्सेलचा शेवटचा गोल पुष्कळदा नावापुरताच असतो.

पडदा आणि वेग. पडद्याच्या जातीत ए१६ सरस आहे. त्याचा अमोलेड पडदा, टी३एक्सचा एलसीडी. रंग आणि काळेपणा अमोलेडमध्ये उठून दिसतो. वेगात टी३एक्स पुढे आहे. त्याचे प्रोसेसर अधिक ताकदीचे. खेळ खेळणाऱ्या पोराला हा फरक कळेल. सातबारा पाहणाऱ्या बापाला बहुधा कळणार नाही.

इथवर पाहिले तर पारडे पहिल्या फोनकडे झुकते. बॅटरी मोठी, चार्जर डब्यात, धुळीला पक्का, वेगाला चांगला आणि वर अडीच हजारांनी स्वस्त. दुकानात उभा राहिलेला माणूस साहजिकच तोच उचलील. पण अजून एक गोष्ट राहिली आहे.

खोडवा कसा येणार?

नवीन जात पहिल्या वर्षी सगळ्यांच्याच रानात चांगली दिसते. तिचा खरा स्वभाव खोडव्याला कळतो. फोनचेही असेच आहे. त्याचा खोडवा म्हणजे अपडेट.

अपडेट म्हणजे काय, ते सोप्या भाषेत सांगतो. फोन ज्या मूळ प्रोग्रॅमवर चालतो त्याला अँड्रॉइड म्हणतात. त्यात चोरांना शिरता येईल अशी भोके वेळोवेळी सापडतात. ती सापडली की बुजविण्याचा मालमसाला कंपनी फोनवर पाठविते. घराच्या कुडाला भगदाड दिसले की आपण लिंपून घेतो, तसेच हे. पण कंपनी हे काम जन्मभर करीत नाही. किती वर्षे करणार हे ती आधीच सांगते, आणि नेमके हेच दुकानात कुणी विचारत नाही.

टी३एक्सला सुरक्षेची अपडेट तीन वर्षे मिळणार असे कंपनीने सांगितले. ए१६ ला सहा वर्षे. म्हणजे पहिल्याचे लिंपण २०२७ च्या सुमारास थांबते, दुसऱ्याचे २०३० पर्यंत चालते. मुदत संपली म्हणून फोन दुसऱ्या दिवशी बंद पडत नाही. बोलणे होते, व्हॉट्सॲप चालते. पण नवी भोके बुजत नाहीत, आणि काही वर्षांनी एकेक ॲपही त्या फोनला दाद देईनासे होते. २०१३ सालच्या किटकॅट नावाच्या जुन्या अँड्रॉइडवरचे व्हॉट्सॲप १ जानेवारी २०२५ पासून असेच बंद झाले. बँकांची ॲप तर याबाबत अधिक काटेकोर असतात.

आता हिशेब मांडून पाहू. सुरक्षित वर्षांच्या हिशेबाने पहिला फोन १६,४९९ भागिले तीन, म्हणजे वर्षाला साधारण ५,५०० रुपये. दुसरा १८,९९९ भागिले सहा, म्हणजे वर्षाला ३,१६६ रुपये. त्यात चार्जरचा खर्च धरा. शिवाय तीन-चार वर्षांनी बॅटरी बदलावी लागेल तोही धरा, कारण कोणत्याही फोनची बॅटरी सहा वर्षे नव्यासारखी राहत नाही. हे सर्व मिळवूनही वर्षाचा खर्च दुसऱ्याचाच कमी येतो. म्हणजे दुकानात जो स्वस्त वाटला तो घरी आल्यावर महाग पडतो.

पण याला एक अट आहे. फोन तुम्ही खरोखर सहा वर्षे वापरणार असाल तरच हा हिशेब खरा. रानात पडून, ट्रॅक्टरवरून निसटून, चिखलात जाऊन ज्यांचा फोन दर दोन-अडीच वर्षांनी कामातून जातो, त्यांनी सहा वर्षांच्या अपडेटला पैसे का मोजावेत? खोडवा ठेवायचाच नसेल तर खोडव्याच्या गुणाची किंमत कशाला द्यायची?

मग कुणी कोणता घ्यावा?

आमचे मत असे आहे :

(१) वस्तीवर राहणारा, रात्रीच्या पाळीला पाण्यावर जाणारा, ट्रॅक्टर किंवा ट्रक चालविणारा, आणि ज्याचा बँकेचा व्यवहार फोनवर फारसा होत नाही अशा सभासदाने मोठ्या बॅटरीचा, धुळीला पक्का फोन घ्यावा. तोडणी टोळ्यांच्या मुकादमांनाही हाच उपयोगी.

(२) ज्यांच्या फोनवर उसाच्या बिलाचे खाते, यूपीआय, बचत गटाचा किंवा दूध संस्थेचा हिशेब आहे आणि जे वस्तू जपून वापरतात, त्यांनी जास्त वर्षे अपडेट देणारा फोन घ्यावा. आमच्या सभासद भगिनींपैकी अनेक जणी या वर्गात मोडतात. घरातला जुना, टाकून दिलेला फोन त्यांच्या हाती देण्याची जी पद्धत पडली आहे ती बरोबर नाही. ज्या हातात गटाचा पैसा आहे, त्या हातात चांगल्या कुलपाचा फोन असावा.

(३) घरात दोन फोन असतील तर कामाची वाटणी करावी. एक रानाचा, एक तिजोरीचा. बँकेचे ॲप रानातल्या फोनवर ठेवू नये. आणि ज्या फोनची अपडेट बंद झाली आहेत त्यावरून मोठ्या रकमेचे व्यवहार करू नयेत. तो स्टार्टर, टॉर्च आणि गाणी यांना खुशाल वापरावा.

(४) मुलगा कॉलेजला असेल आणि फोन त्याच्याचसाठी असेल तर त्याचे म्हणणे जरूर ऐकावे. पण त्याच्या आवडीने बापासाठी फोन घेऊ नये. "आमच्या पोरानं पसंत केला, पर मला तर त्यातलं अक्षरच दिसंना," असे नंतर म्हणण्यात अर्थ नाही.

दुकानात जाण्यापूर्वी

पहिली गोष्ट, आपल्या वस्तीवर कोणत्या कंपनीची रेंज आहे ते पाहावे. रेंज नसेल तर वीस हजारांचा फोनही मुकाच. फाईव्ह-जी आपल्याकडे आले नसेल तरी फाईव्ह-जी फोन फोर-जीवर चालतो, त्याची काळजी नको. दुसरी गोष्ट, फोन दुकानाच्या बाहेर उन्हात नेऊन पडदा वाचता येतो का ते बघावे. दिव्याखाली सगळेच पडदे चांगले दिसतात. तिसरी गोष्ट, आवाज मोठा करून ऐकावा. चौथी गोष्ट, सुरक्षेची अपडेट कोणत्या सालापर्यंत मिळणार हे स्पष्ट विचारावे. लक्षात ठेवा, ही वर्षे बहुधा फोन बाजारात आला तेव्हापासून मोजतात, तुम्ही घेतला त्या दिवसापासून नव्हे. दोन वर्षे जुने मॉडेल सवलतीत घेतले तर त्याची दोन वर्षे आधीच खर्ची पडलेली असतात. पाचवी गोष्ट, तालुक्याच्या गावी त्या कंपनीचे दुरुस्ती केंद्र आहे का, हे विचारावे. सहावी गोष्ट, पक्की पावती घ्यावी.

कुणाचा वापरलेला फोन घेत असाल तर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश असे दाबून येणारा पंधरा आकडी आयएमईआय नंबर सरकारच्या संचार साथी सेवेवर तपासून घ्यावा. चोरीचा निघाला तर पैसाही जातो आणि पोलीस ठाण्याच्या चकरा मागे लागतात. आपला फोन हरवला तरी याच सेवेवरून तो बंद करवून घेता येतो.

घेतल्यानंतर

बॅटरीचा शत्रू उष्णता. फोन ट्रॅक्टरच्या बॉनेटवर, मोटारसायकलच्या टाकीवर, उन्हात बांधावर ठेवू नये. उशीखाली ठेवून चार्जिंगला लावू नये. अपडेट आली की "नंतर बघू" न म्हणता वायफाय किंवा चांगली रेंज मिळताच ती घ्यावी. सहा वर्षांचे वचन देणारा फोन घेऊन अपडेटच न घेणे म्हणजे ठिबक बसवून पाटाने पाणी देण्यासारखे आहे.

आणि सर्वांत महत्त्वाचे. अपडेट कुडाचे भगदाड लिंपते, पण दार आपणच उघडून दिले तर तिचा इलाज नाही. व्हॉट्सॲपवर पीएम किसानच्या, बँकेच्या, आरटीओच्या नावाने 'एपीके' असे शेवटी लिहिलेली फाईल येते. ती उघडली की फोन परक्याच्या ताब्यात जातो, आणि खात्यावरची रक्कम बघता बघता साफ होते. अशी फाईल कुणीही पाठविली, अगदी भावकीतल्या नंबरावरून आली, तरी उघडू नये. त्याचा फोन आधीच चोराच्या हाती गेलेला असू शकतो. ओटीपी कुणालाही सांगू नये. फसवणूक झालीच तर लाजून घरात बसू नये. त्याच क्षणी १९३० या क्रमांकावर फोन करावा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम गोठविण्याची शक्यता अधिक.

सभासद बंधू-भगिनींनो, बेणे निवडताना आपण शेजाऱ्याचे रान पाहतो, पण लावतो आपल्या रानाला मानवेल तेच. चार ठिकाणी विचारतो, खोडवा कसा आला याची चौकशी करतो, मगच सरी भरतो. हीच सवय मोबाईलच्या दुकानातही सोबत न्यावी. पहिल्या दिवशीची चकाकी कुणालाही दिसते. तिसऱ्या-चौथ्या वर्षी हा फोन आपल्या कामाला आणि आपल्या पैशाच्या राखणीला उभा राहील का, एवढे विचारून मगच पाकिटात हात घालावा. याबाबत कुणाला काही विचारावयाचे असल्यास गट ऑफिसवर अवश्य विचारावे. सभासदाचा घामाचा पैसा कारणी लागावा, इतकीच आमची इच्छा आहे.